पाषाण तलाव आणि मागची टेकडी : आईला आणि मुलाला घेऊन जायचंय, कुठून सुरुवात करू?

बावधनकर_नवीन

नमस्कार मंडळी, आम्ही जूनमध्ये बार्शीहून बावधनला राहायला आलो, नवऱ्याची बदली झाली म्हणून. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई गावाकडे रोज सकाळी देवळापर्यंत चालत जायची, येताना दोन घरी टेकायची, गप्पा मारायची. इथे आल्यापासून तिचं चालणं म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फेऱ्या, त्यात गाड्या मागेपुढे होत असतात, मला खरंच बघवत नाही.

हायवेने मुंबईच्या बाजूला जाताना उजव्या हाताला पाणी दिसतं, तो पाषाण तलाव असं कळलं. मुलगा गाडीतून दरवेळी मान वळवून बघतो आणि विचारतो तिकडे कधी जायचं. मला विचारायचंय की तिथे चालायला धड वाट आहे का? आईचे गुडघे दुखतात, सपाट असेल तर ती अर्धा पाऊण तास आरामात चालते, चढ नको. मुलाला मात्र डोंगरच चढायचाय, त्याला बोटिंगही पाहिजे. एकाच रविवारी दोघांचं जमेल असं काही होऊ शकतं का? आणि किती वाजता जावं, काय न्यावं, एकट्या बाईने मुलाला घेऊन जायला ठीक आहे का (नवऱ्याला बऱ्याच रविवारी काम असतं), जे माहिती असेल ते सगळं सांगा प्लीज. दिवाळी झाली, हवा छान झालीये, आता नाही गेलो तर कधी जाणार असं झालंय.

---

पाणकावळा

ताई, बावधनला राहता म्हणजे तलाव तुमच्या दारातच आहे हो. मी चौदा वर्षं जातोय, रिटायर झाल्यापासून तर आठवड्यातून तीनदा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, ही बाग नाही. लॉन, कारंजं, झोके असं काही मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. हे ब्रिटिश काळात रामनदीवर बांध घालून केलेलं तळं आहे, काठाने मातीची वाट आहे आणि बांबूची बेटं आहेत. वाट जवळजवळ सपाट आहे, आईंना काही त्रास होणार नाही, फक्त पावसाळ्यात चिखल होतो तेव्हा चप्पल नको, बूट घाला. बसायला जागा सगळीकडे नाही म्हणून माझी बायको घडीचं स्टूल पिशवीत टाकून आणायची, ते आईंसाठी न्या, दहा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं, आणि खरं सांगू का, बसल्यावरच जास्त दिसतं.

सकाळी साडेसहापर्यंत पोचा. पाषाण गावाच्या बाजूचा काठ हा पूर्वेचा काठ, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीवर असतं आणि समोरच्या पाण्यावर पडतं, पक्ष्यांचे रंग जसेच्या तसे दिसतात. संध्याकाळी गेलात तर सूर्य डोळ्यात येतो आणि सगळे पक्षी काळेच दिसतात. नवे लोक संध्याकाळी येतात आणि म्हणतात इथे तर फक्त कावळे आहेत, मला फार वाईट वाटतं.

आत्ताचा महिना एकदम बरोबर आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत बाहेरचे पाहुणे असतात, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, दलदलीवर घिरट्या घालणारा भोवत्या. वर्षभर राहणारे वेगळे. हळदीकुंकू बदक तर मुलाला पहिल्याच दिवशी दाखवा, काळी चोच, टोकाला पिवळी आणि कपाळाशी लाल ठिपका, नाव कुणी ठेवलं असेल त्याला नमस्कार. टिबुकली म्हणजे मुठीएवढी, डुबकी मारते आणि भलतीकडेच वर येते, मुलाला सांगा आता कुठे निघेल ते ओळख, अर्धा तास जातो त्यात. शेकाट्या उथळ पाण्यात उभा असतो, गुलाबी काड्यांसारखे पाय. आणि वारकरी. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखं, पाण्यावर रांगेने जातात. तुमच्या आई बार्शीच्या म्हणजे पंढरपूर जवळच, त्यांना हा नक्की दाखवा.

गेल्या हिवाळ्यात मी एक जांभळी पाणकोंबडी वीस पावलांवरून बघत होतो. जलपर्णीवर उभी होती. एका पायाने तिने देठ उपटला, मग तो देठ पायाच्या बोटात धरला, आपण ऊस धरतो तसा, आणि चोचीने सोलून सोलून आतला पांढरा गाभा तेवढा खाल्ला. साल टाकून दिलं. चौदा वर्षांत हे मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं.

दुर्बीण लगेच घेऊ नका, दोन तीन वेळा नुसत्या डोळ्यांनी जा. मग घ्यायचीच तर आठ बाय चाळीसच्या आसपासची घ्या, दहावाली लहान मुलाच्या हातात हलते. लाल पांढरे कपडे नको, मळखाऊ हिरवे खाकी बरे. मुलाला एक छोटी वही द्या, तारीख आणि काय दिसलं तेवढंच लिहायचं. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या वाढदिवसांना धरून, त्या आठवड्यात तलावावर जाणकार मंडळी हमखास भेटतात, बिनधास्त विचारा, सगळे आनंदाने दाखवतात.

---

टेकडीवाला

मुलाचं माझ्याकडे सोपवा 🙂

तलावावरून आठ साडेआठला निघालात की गाडीने पंचवटीपर्यंत जा (पाषाणचं पंचवटी), तिथून वेताळ टेकडीवर चढता येतं. ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, पण पुणंच मुळात साडेपाचशेवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ तितका नाही, नऊ वर्षांचं पोरगं हसत चढेल. वर मोठं पठार आहे, वेताळाचं देऊळ आहे, जुनी दगडखाण आहे जिच्यात पाणी साठतं, पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच दिवस असतं. खाणीच्या कडेला मात्र मुलाचा हात सोडायचा नाही, कडा सरळ तुटलेली आहे आणि कडेचा दगड सुटा असतो.

आता मुद्द्याचं. चढताना कुणी पडत नाही, सगळे उतरताना पडतात. या टेकडीवर मुरूम आहे, बारीक गोल खडे, पावसाळा संपून वाट वाळली की ते बॉल बेअरिंगसारखे फिरतात पायाखाली. माझ्या मनगटाच्या हाडाचा तुकडा असाच उडाला, सरळ वाटेवर, काही अवघड नव्हतं, अंग मागे टाकून टाचेवर झपाझप उतरत होतो. मुलाला शिकवा की पाऊल आडवं टाकायचं, गुडघा किंचित वाकवायचा, लहान लहान पावलं, आणि धावायचं नाही. बूट शाळेचे नकोत, त्यांचा तळ गुळगुळीत असतो, खालून खाचा असलेले साधे स्पोर्ट्स शूज चालतात, महागडे ट्रेकिंगचे काही गरज नाही.

दुसरं म्हणजे कुसळं. नोव्हेंबर डिसेंबरमध्ये गवत वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात, घुसली की आतच जातात, बाहेर येत नाहीत. फुल पँट घाला, मोजे जाड लोकरी नको. घरी गेल्यावर मोजे धुवायच्या आधी उलटे करून एकेक उपटायची, नाहीतर मशीनमधल्या सगळ्या कपड्यांना लागतात.

गवतात वाट सोडून शिरायचं नाही, घोणस आहे टेकडीवर. ती आपण होऊन अंगावर येत नाही, पण गवताच्या रंगाचीच असते आणि बाजूला सरकत नाही, पाय पडला किंवा फार जवळ गेलं की चावते. वाटेवर राहिलात तर काही भीती नाही. मोर, ससा, मुंगूस, घोरपड एवढं तर दिसतंच सकाळी. मे संपताना, पावसाच्या तोंडावर परत या, तेव्हा नवरंग येतो, झाडीत बसून दोन सुरात शिट्टी मारतो. आणि जुलै ऑगस्टमध्ये कळलावी फुलते, लाल पिवळ्या ज्वाळेसारखी, तेव्हा तर आलंच पाहिजे. फक्त ती विषारी आहे, कंद तर फारच, मुलाला हात लावू देऊ नका.

आईंना पण वर आणायचं असेल कधी तर एआरएआयच्या (गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था) बाजूने डांबरी रस्ता चढतो, त्या रस्त्याने सावकाश या. वर आल्यावर सगळं सपाटच आहे.

---

बावधनकर_नवीन

बापरे, किती मनापासून लिहिलंत दोघांनी. काका, वारकरी पक्षी वाचून दाखवला आईला, ती म्हणाली खरंच असं नाव आहे का? तिने तर जायचा वारच ठरवला.

बोटिंगचं काय करू? मुलगा ते काही सोडत नाहीये.

---

खडकवासला_रोड

पाषाणला बोटिंग नाही आणि नसलेलंच बरं, तेवढंसं तळं आहे, पक्षी बसणार कुठे. बोट पाहिजे तर एक दिवस काढून पानशेतकडे जा.

वाटेत खडकवासल्याला चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खा, धरण बघा, १८७९ सालचं आहे, मुलाला भारी वाटेल. पण ताई एक विनंती, खडकवासल्यात पाण्यात उतरू देऊ नका, पाय बुडवायलासुद्धा नाही. काठ सपाट दिसतो, दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्याला एकदम खोल, आणि खाली गाळ, पाय रुततो. मी तिथेच वाढलोय, पोहता येणारी पोरं गेलेली बघितलीत. काठावर बसून कणीस खाण्यात पण मजा आहे.

अजून एक, कात्रजचा तलाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथून शहरातल्या हौदांना पाणी आणलं होतं, आणि तलावाला लागूनच प्राणिसंग्रहालय आहे. चालायला मोठ्या फरसबंद वाटा आहेत, आईंना तेही चालेल. बुधवारी बंद असतं.

---

सुतारवाडीची_लेक

मी हे सगळं वाचत होते आणि लिहिल्याशिवाय राहवेना. माझं माहेर सुतारवाडी. आजोबांची म्हसरं या तलावावर पाण्याला यायची, आजी म्हणायची की तळाचे दगड दिसायचे. मी स्वतः तसं पाणी बघितलेलं नाही, पण लहानपणी मी बघितलेला तलाव आणि आजचा तलाव यातच एवढा फरक आहे की आजीचं खरं वाटतं.

ताई, तुम्ही जाल तेव्हा हिरवागार गालिचा दिसेल पाण्यावर, फुलं पण सुंदर जांभळी असतात, मुलगा म्हणेल किती छान. ती जलपर्णी. तिला सांडपाणी म्हणजे खत, वरच्या बाजूने जेवढं घाण पाणी येतं तेवढी ती माजते, दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काकांनी सांगितलेली पाणकोंबडी तिच्यावर राहते हे खरं, पण बदकांना मोकळं पाणी लागतं, सगळं झाकलं की ती उतरतच नाहीत, वरून घिरटी मारून निघून जातात. आम्ही दोन वर्षं संबंधित ठिकाणी अर्ज देत होतो, काढायला येतात, काठावरच ढीग लावून जातात, तो ढीग पावसात परत पाण्यात. एवढा संताप होतो ना. काढलेली उचलून नेली पाहिजे आणि वरचं सांडपाणी थांबलं पाहिजे, नाहीतर दरवर्षी तेच.

आणि टेकडीवाले दादा, तुम्ही तलाव वेगळा आणि टेकडी वेगळी असं लिहिलंत, तसं नाहीये ते. रामनदी भुकूमच्या पलीकडून, खाटपेवाडीकडून येते, भूगाव, बावधन करत पाषाणला, मग सोमेश्वरवाडीवरून औंधला मुळेत. या अख्ख्या वाटेवर तिला दोन्हीकडच्या टेकड्यांचं पाणी मिळतं. पावसाचं पाणी टेकडीच्या खडकातल्या भेगांमध्ये मुरतं आणि महिनोन्‌महिने झिरपत खाली येतं. तुमच्या बावधनलाच नदीकाठी जिवंत झरा आहे, भर उन्हाळ्यात वाहतो. टेकडी फोडली, वर सिमेंट केलं की तो झरा बंद, आणि मग तलावात उरतं काय, फक्त गटाराचं पाणी. म्हणून मुलाला तलाव आणि टेकडी एकाच दिवशी दाखवताय ते फार चांगलं आहे, वरून खाली बोट करून दाखवा, इथलं पाणी तिकडे जातं.

निर्माल्य, पिशव्या, बिस्किटं, पक्ष्यांना ब्रेड, काही टाकू नका आणि कुणी टाकताना दिसलं तर गोड बोलून सांगा. मी सांगते. दहातले सहा ऐकतात.

---

टेकडीवाला

ताई पटलं. वीस वर्षं टेकडी चढतोय आणि रामनदीचा एवढा विचार कधी केला नव्हता. उन्हाळ्यात आम्ही वणव्यांवर पाळत ठेवतो, गिरिपुष्पाच्या झाडांखालचा पाचोळा एका काडीने पेटतो, पण त्याचा खालच्या पाण्याशी संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं. जळलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात धुपून खालीच जाणार की.

---

सकाळची_चाल

एकट्या बाईचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी पाच वर्षं एकटी जाते, तलावावर आणि टेकडीवर दोन्हीकडे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ अगदी निर्धास्त जा, रोजचे लोक असतात, ज्येष्ठ मंडळी, पळणारी पोरं, चार दिवसांत चेहरे ओळखीचे होतात आणि एक दिवस नाही गेलं तर विचारतात काय हो काल आला नाहीत.

टेकडीवर मात्र संध्याकाळी अंधार पडायच्या आत खाली यायचं, पुरुष असो की बाई. दुपारी पण शुकशुकाट असतो, तेव्हा नको. सोनं घालून जाऊ नका, मंगळसूत्र घरी नाहीतर ओढणीच्या आत. मोबाईल चार्ज करून न्या आणि घरी कुणाला तरी लोकेशन पाठवून ठेवा, काही वाटलं तर ११२ लावा. गाडी रस्त्याच्या अगदी कडेला लावा, आत काही दिसेल असं ठेवू नका.

आणि बाथरूम घरूनच करून निघा, आईंना आधीच सांगा. ही गोष्ट कुणी लिहीत नाही आणि बायकांची अर्धी मजा त्याच काळजीत जाते.

---

बावधनकर_नवीन

जाऊन आलो!! आज सकाळी. सगळं सांगते.

सहा वाजता निघालो, आई तर पाच वाजताच तयार होऊन बसली होती, पिशवीत स्टूल, पाण्याची बाटली आणि गूळ शेंगदाणे. गेटवर पोचलो तेव्हा धुकं होतं थोडं पाण्यावर, समोर हायवेच्या ट्रकचा आवाज येत होता पण पाच मिनिटांत तो कानाला जाणवेनासा झाला. पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही, नुसती हिरवी जलपर्णी, आणि मुलगा म्हणायला लागला टेकडीवर चल. मग आई स्टुलावर बसली. आणि तिलाच दिसला पहिला. "ते बघ काळं काळं काय चाललंय," असं म्हणाली, आणि ते वारकरीच होते काका, सात होते, एकामागे एक, कपाळावर पांढरं स्पष्ट दिसत होतं. आई काही बोलली नाही, हात जोडले तिने. मग हळू आवाजात मुलाला सांगायला लागली की ती लहान असताना तिच्या आईबरोबर पायी पंढरपूरला कशी गेली होती, पायाला फोड कसे आले होते, कुणी पाय चेपले होते. मी एवढी मोठी झाले, मला यातलं काही माहिती नव्हतं.

चालणं एकूण पस्तीस चाळीस मिनिटं झालं असेल, तीनदा बसली, गुडघे अजून तरी ठीक आहेत. मुलाने वहीत लिहिलंय, वारकरी ७, शेकाट्या २, टिबुकली १ (पाच वेळा बुडाली), खंड्या १, ओळखू न आलेले खूप. सुतारवाडीच्या ताई, काठावरचा ढीग बघितला मी, वास येत होता. एक काका पूजेची पिशवी घेऊन आले होते, माझं धाडस नाही झालं, आई मात्र उठून गेली आणि म्हणाली दादा, द्या इकडे, आमच्या तुळशीत घालते. दिली त्यांनी. फुलं तुळशीत घातली, प्लॅस्टिक कचऱ्यात.

टेकडीवर नवरा घेऊन गेला, तो नऊला आला होता पंचवटीला, मी आणि आई गाडीत थांबलो. दोघं दीड तासाने आले, मुलाच्या मोज्यात एवढी कुसळं!! पडला एकदा, उतरतानाच, आडवं पाऊल विसरला. खरचटलंय फक्त. वरून त्याला तलाव दिसला म्हणतो, हात लांब करून दाखवत होता मला एवढा एवढुसा.

आई विचारतेय पुढच्या रविवारी डांबरी रस्त्याने टेकडीवर जायचं का. कुठे गाडी लावायची आणि वर सावलीत बसायला जागा आहे का तेवढं सांगा कुणीतरी.

---

टेकडीवाला

सावली आहे, झाडं भरपूर आहेत वर, स्टूल आणाच. गाडी खाली वस्तीतल्या रस्त्यावर एका कडेला लावा, चढाच्या तोंडाशी नको, सकाळी तिथे माणसं फार असतात. चढायला आईंना अर्धा तास धरा, मध्ये थांबत थांबत. पावणेसातला पायथ्याला येत असाल तर मी असतो तिथे, निळी टोपी. मुलाला उतरायचं शिकवतो नीट.

---

पाणकावळा

सात वारकरी म्हणजे छान संख्या आहे, मला मंगळवारी पाचच दिसले होते. वहीतले "ओळखू न आलेले" पुढच्या वेळी आकार, चोच आणि पायाचा रंग एवढं लिहून आणायला सांगा त्याला, इथे टाका, आपण बसून ओळखू. आईंना माझा नमस्कार सांगा.